एअर इंडियाचे जम्बो : ‘अशोक’ ते ‘आग्रा’

२२ एप्रिल २०२४ रोजी सकाळी ‘आग्रा’ नावाचे बोइंग ७४७-४०० मुंबईहून अमेरिकेकडे निघाले. आकाशात झेपावताच वैमानिकांनी पंख दोन्ही बाजूंना कलवून शहराचा निरोप घेतला. आत प्रवासी नव्हते. विमान एका अमेरिकी कंपनीला विकले गेले होते. एअर इंडियाच्या जम्बोची प्रवासी सेवा मार्च २०२१ मध्येच थांबली होती आणि पुढल्या वर्षी नोंदणीही रद्द झाली होती.

पहिले जम्बो, ‘एम्परर अशोक’, १९७१ साली जे. आर. डी. टाटा यांच्या अध्यक्षपदाच्या काळात आले. खिडक्यांभोवती रंगवलेल्या झरोक्यांच्या महिरपी आणि वरच्या मजल्यावरील दिवाणखाना हा सारा थाट लंडन-न्यूयॉर्कच्या प्रवाशांसाठी होता. १९९३ पासून दाखल झालेल्या ७४७-४०० विमानांना सम्राटांऐवजी स्थळांची नावे मिळाली. त्यांत ‘अजिंठा’ आणि ‘वेल्हा गोवा’ही होते.

या थाटाविषयी पुष्कळ लिहिले गेले. आखाती मार्गाविषयी त्या मानाने फार कमी. ‘अशोक’चा अंत याच मार्गावर झाला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईसाठी उडालेले हे विमान दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. कप्तानासमोरील, विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते आणि खाली समुद्रावर काळोख असल्याने क्षितिजाचा आधार नव्हता. ‘कनिष्क’मधील १९८५ च्या बॉम्बस्फोटाने ३२९ बळी घेतले. त्या घटनेची आठवण दरवर्षी निघते, वांद्र्याची क्वचितच.

कुवेतच्या इतिहासात ७४७ ची ठळक नोंद आहे, ती मात्र ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी फौजा दस्मान राजवाड्यावर चालून येत असताना, लंडनहून मद्रासमार्गे क्वालालंपूरला जाणारे उड्डाण १४९ कुवेत विमानतळावर उतरले. ते पुन्हा उडालेच नाही. प्रवासी व कर्मचारी अडकले, अनेकांना इराकी राजवटीने मानवी ढाल केले आणि रिकामे विमान युद्धात नष्ट झाले. भारतीयांना मात्र रस्त्याने अम्मान गाठावे लागले. तेथून सुमारे १ लाख ७० हजार लोक मायदेशी नेण्यात आले.

जम्बोच्या निवृत्तीचे कारण रुक्ष आहे. चार इंजिने, त्यांचे इंधन आणि देखभाल यांचा खर्च परवडेनासा झाला. समुद्रावरून दोन इंजिनांच्या विमानांना दूरवर जाण्याची मुभा मिळाल्यावर बोइंग ७७७ तेच अंतर कमी खर्चात कापू लागले. उरलेले काम कोविडने पूर्ण केले. ब्रिटिश एअरवेजनेही २०२० मध्ये आपली सर्व ३१ जम्बो विमाने एकदम निवृत्त केली.

त्याच वर्षी, फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत, एअर इंडियाच्या जम्बोने दोन फेऱ्यांत वुहानमधून ६४७ भारतीयांना दिल्लीत आणले.