मेंदूतील दळणवळण

मेंदू म्हणजे आपापले काम पाहणाऱ्या खात्यांची कचेरी, की एकमेकांस सतत निरोप धाडणाऱ्या वस्त्यांचे गाव? हा वाद जुना आहे. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचा डावीकडील पुढचा भाग बिघडलेला दाखविला, आणि प्रत्येक कामाची जागा शोधण्याचा ध्यास विद्वानांना लागला. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी सुचविले की, जागा शाबूत असूनही त्यांना जोडणारी वाट तुटली तर वाणी बिघडेल. जागांइतकेच महत्त्व वाटांना आले ते येथून.

पण जिवंत माणसाच्या मेंदूतील वर्दळ पाहावयाची कशी? रक्तातील प्राणवायूच्या कमीअधिकपणाची खूण चुंबकीय चित्रात उमटते, हे १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखविले. १९९५ साली भारतीय वंशाचे भारत बिसवाल व त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी स्वस्थ पडलेल्या माणसांचे मेंदू तपासले. हात हलत नसतानाही हातांच्या हालचालीची डावी-उजवी केंद्रे एका लयीत वरखाली होत होती. इतर ज्याला गोंगाट समजत, त्यातच संगती निघाली.

तथापि एका लयीत असणे म्हणजे बोलणे नव्हे. आपल्या मरोळचेच घ्या. सकाळी मरोळ नाका व साकी नाका एकदम तुंबले, म्हणून एकाने दुसऱ्यास तुंबविले असे ठरत नाही. कचेऱ्यांची वेळ हे तिसरेच कारण असू शकते. शिवाय चित्रात दिसते ते रक्त. पेशींचा निरोप सेकंदाच्या सहस्रांशांत पोचतो, रक्ताचा ओघ मात्र पाच-सहा सेकंदांनी शिगेस जातो. मग आधी कोण बोलले, हे कसे ओळखावे? त्यासाठी क्लाइव्ह ग्रेंजर यांची १९६९ ची अर्थशास्त्रातील कसोटी वापरून पाहण्यात आली. २००३ साली कार्ल फ्रिस्टन प्रभृतींनी कोण कोणावर परिणाम करतो याचे गणिती नमुने मांडले. त्यांचा निष्कर्षही गृहीतांइतकाच भक्कम असतो.

२०१२ साली आणखी एक धडा मिळाला. तपासणीत डोके किंचित हलले तरी खोटे संबंध दिसतात, आणि मुले मोठ्यांपेक्षा अधिक हलतात. त्यामुळे वाढत्या वयाचे म्हणून सांगितलेले काही फरक अंशतः हालचालीचेच ठरले. म्हणून एखाद्या मुलाच्या बुद्धीविषयी कोणी रंगीत चित्र पुढे करून निवाडा सांगू लागला, तर ‘डोके स्थिर होते काय?’ हे प्रथम विचारावे, असे आम्ही श्रोत्यांस सुचवितो.