गाडी जिथं थांबते तिथं बाजार : नाणेघाट ते जंक्शन



टोमॅटोची बांधणी कालच उरकली, म्हणून आज पीक सोडून रस्त्यावर लिहितो. शेजारच्या गावात नव्या वळण रस्त्याची आणि मोठ्या जंक्शनची चर्चा चालू आहे. पारावर दोन गट पडलेत. एक म्हणतो जमिनीचं सोनं होणार, दुसरा म्हणतो वाटोळं होणार. मी दहावी पास माणूस. पण आमच्या जुन्नर तालुक्यात रस्त्यांचा दोन हजार वर्षांचा इतिहास उघड्यावर पडलाय, तो वाचायला पदवी लागत नाही.

सुरुवात नाणेघाटापासून करू. सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरावरचा माल याच घाटानं वर यायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. घाट चढून आलेला तांडा विसाव्याला थांबणार, माल उतरवणार. त्या थांब्यावर जुन्नर वाढलं. इथल्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं दिलेल्या दानाचासुद्धा लेख आहे. म्हणजे बघा, आपल्या धान्याचा व्यापार तेव्हाही रस्त्याच्या जिवावर चालायचा.

मग वाट बदलली. १८३० साली बोर घाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ ला बोर घाटात आणि १८६५ ला थळ घाटात रेल्वे आली. एक वाट आमच्या खालून गेली, एक वरून. जुन्नर मधेच राहिलं. आजही तालुक्यात रूळ नाही. गाव तेच, जमीन तीच, पण मोठा व्यापार दुसऱ्या वाटेनं गेला.

पुढं पुणे-नाशिक रस्त्याचे दिवस आले. आधी त्याचा क्रमांक ५० होता, आता ६० आहे. या रस्त्यावर नारायणगाव वाढलं, टोमॅटोचा बाजार नावारूपाला आला. आळेफाटा तर नावानंच फाटा. माळशेजवरून येणारा कल्याण-नगर रस्ता तिथं पुणे-नाशिक रस्त्याला छेदतो. मूळ आळे गाव बाजूला, पण कांद्याचा बाजार, हॉटेलं, गॅरेजं, खताची दुकानं फाट्यावर. जंक्शन काय करतं ते बघायला लांब जायला नको.

माझा हिशोब असा : साध्या रस्त्यावर धंदा दोन्ही बाजूंनी सगळीकडं होतो. वळण रस्ता झाला की तो दोन्ही तोंडांना गोळा होतो, आणि पेठेतला चहावाला, पंक्चरवाला बसून राहतो. पेठेतली कोंडी फुटते हा फायदा खराच, माल वेळेवर पोचतो. द्रुतगती मार्गाला तर दोन्हीकडून कुंपण, त्यामुळं धंदा फक्त जंक्शनला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण शेतातून सरळ त्यावर चढता येत नाही. म्हणून तर त्याच्या जंक्शनजवळ नवनगरं वसवायची योजना आखली होती. त्या मार्गासाठी आधी जमीन एकत्र करून विकसित भूखंड परत द्यायचं ठरलं. विरोध झाला, मग थेट खरेदी आली. म्हणजे विकास जंक्शनला होतो हे सरकारला आधीच ठाऊक असतं. शेतकऱ्याला ते कधी कळतं, एवढाच प्रश्न.

मला उशिरा कळलं. आमच्या भागात वळण रस्ता झाला तेव्हा माझं रान मधून चिरलं. विहीर एका बाजूला, पाऊण एकर दुसऱ्या बाजूला. संयुक्त मोजणीच्या दिवशी मी मार्केटला कांदा घेऊन गेलो होतो. विहिरीची नोंद झाली, जमिनीखालच्या पाइपलाइनची राहिली. खालून जायला बोगदा दिला, पण त्यातून भरलेली उसाची ट्रॉली जात नाही. पावसाळ्यात मोरीचं पाणी थेट सरीत. पैसे मिळाले, नाही म्हणत नाही. पण त्या पाऊण एकराला आजतागायत पाणी नेता आलेलं नाही. चूक निम्मी माझी. कागद आला तेव्हा मी फक्त भाव विचारला.

म्हणून सांगतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या कायद्यानं भूसंपादन होतं. ३अ ची अधिसूचना राजपत्रात येते, तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांतही येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तिथून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. ३ड झालं की जमीन सरकारची. मोबदल्याला २०१३ च्या कायद्याचा आधार आहे, त्यात बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम धरलेली आहे. रक्कम पटली नाही तर लवादाकडं जाता येतं. पण बोगद्याची उंची, पाइप न्यायची जागा, सेवा रस्ता आणि ओढ्याचं पाणी या गोष्टी नकाशा ओला असतानाच मागायच्या. काँक्रीट वाळल्यावर कोण ऐकतो?

आणि तोंडावरची जमीन घाईनं विकू नका. एजंट आधी येतो, अधिसूचना मागून. पाच-सहा जणांनी मिळून पॅकहाऊस नाहीतर शीतगृहाला जागा राखली तर थांबलेल्या गाडीत आपलाच माल चढेल. नाहीतर आपण तिथं वॉचमन.

नाणेघाटाच्या रांजणात कुणाची नाणी पडली ते कुणालाच आठवत नाही. रांजण कुठं ठेवायचा हे ज्यानं ठरवलं, कमाई त्याची. ग्रामसभेला मी सातबारा आणि पाइपलाइनचा हाती काढलेला नकाशा घेऊन जाणार आहे. तुम्हीही तुमचा काढून ठेवा.