पाळणाघराचं बिल कुणाच्या नावावर?

आजचा भाग थोडा हिशेबाचा आहे. मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं, आईला परत कामावर जायचंय, तर दिवसभर त्याला सांभाळणार कोण आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार? आपल्याला वाटतं हा प्रश्न हिंजवडी-खराडीच्या पिढीचा आहे. पण मुंबईत तो शंभर वर्षांपूर्वी विचारला जात होता, परळ-लालबागच्या चाळींमध्ये. आणि तेव्हा एक फार स्वस्त उत्तरही मिळायचं. त्याचं नाव बाळागोळी.

बाळागोळी म्हणजे अफू घातलेली छोटी गोळी. गिरणीत दहा तासांचं काम. घरी सासू असेल तर ठीक, नाहीतर शेजारीण. तीही नसेल तर गोळी द्यायची, मूल गुंगीत पडून राहतं. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी मुंबई सरकारसाठी कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यात त्यांनी नोंदवलं की या बायकांच्या १०० पैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. हा आकडा मी दोनदा वाचला. या आया निर्दय नव्हत्या. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात जेवढं काम तेवढे पैसे मिळायचे, आणि एक दिवस घरी राहणं म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. संगोपनाचा खर्च तेव्हाही होताच. तो मुलाच्या शरीरातून वसूल होत होता, एवढंच.

मग कायदे आले. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल चर्चेला आलं. त्याला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी एक मुद्दा मांडला: आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा. तोपर्यंत मालकाने द्यायलाही हरकत नाही, कारण बाईच्या श्रमाचा फायदा त्याला मिळतोच. १९२९ चा कायदा झाला तेव्हा रोजचे ८ आणे मालकावरच आले.

पुढची मोठी पायरी १९४८ चा कारखाने कायदा. त्याचं कलम ४८ पाळणाघराबद्दल होतं आणि वाचायला खरंच सुंदर होतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली. तिथे बालसंगोपनाचं शिक्षण घेतलेल्या बायका. राज्य सरकारला वाटलं तर फुकट दूध किंवा खाऊ द्यायला लावायचीही सोय. खर्च सगळा कारखान्याचा. नुसत्या तान्ह्या बाळांचा नाही, तर शाळेत जाण्याआधीच्या मुलांचाही विचार इथे केला होता.

अट एकच, कारखान्यात ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असायला हव्यात. आता मी दिवसभर 'इफ-एल्स' लिहून पोट भरतो, त्यामुळे माझी नजर लगेच अटीवर जाते. इथे मोजायचं काय ठरवलं? बायका. म्हणजे ५० बायका ठेवल्या तर पाळणाघर नको, ५१वी ठेवली की खोली, दूध, दाई सगळं आलं. मालकाला कायदा मोडायची गरजच नाही, फक्त भरती करताना हात आखडायचा. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आणला, पण मोजल्या बायकाच.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. नंतर हे प्रमाण घसरतच गेलं. याचा सगळा दोष पाळणाघराच्या अटीवर टाकणं चूक ठरेल. घसरण १९४८ च्या आधीच सुरू झाली होती. रात्रपाळीची बंदी होती, बायकांची खाती यंत्रांनी खाल्ली होती. पण बाई कामावर ठेवणं 'महाग' आहे, हा हिशेब त्यात होताच.

गंमत बघा, त्याच १९४८ साली कामगार राज्य विमा कायदाही झाला. त्यात बाळंतपणाचे पैसे एका सामायिक निधीतून द्यायचे ठरले, आणि त्या निधीत वर्गणी स्त्री-पुरुष दोघांच्या पगारावर. म्हणजे बाई ठेवली म्हणून मालकाचा एक पैसाही जास्त जात नाही. हे डिझाइन मला फार हुशार वाटतं. पण पाळणाघराला ते कधी लावलंच नाही.

कारखान्याबाहेर तर कायदाही नव्हता. तिथे बिल कोण भरत होतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरमध्ये) कोसबाडला पाहिलं. आईबाप मजुरीला, आणि आठ वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन घरी. शाळा तिच्यासाठी बंद. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तीच विकासवाडी. भावंड पाळण्यात, ताई वर्गात! अंगणवाडी हा शब्द आणि कल्पनाही याच कामातून आली. १९७५ मध्ये केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण ती चालते दिवसातले काही तास. आठ तास काम करणाऱ्या आईचा प्रश्न तसाच राहिला.

आता २०१७. प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं. नीट ऐका, कर्मचारी. बायका नाही. जवळपास ७० वर्षांनी अट दुरुस्त झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच राहिली. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं.

पण एक ओळ राहून गेली. पाळणाघराची 'सुविधा' हवी असं दुरुस्तीत लिहिलंय. फी कोणी भरायची ते लिहिलेलं नाही. त्यामुळे अनेक कंपन्या एखाद्या खासगी डेकेअरशी करार करतात, थोडी सवलत मिळवून देतात आणि काम झालं म्हणतात. माझ्या ओळखीतली एक टेस्टर कामावर परतताना एक्सेल शीट घेऊन बसली होती. डेकेअरची फी तिने स्वतःच्या पगारातून वजा केली. मी विचारलं, नवऱ्याच्या पगारातून का नाही? ती आणि तिचा नवरा, दोघेही माझ्याकडे बघत राहिले.

तर परत रुजू होण्याआधी एचआरला नुसतं 'डेकेअर आहे का' विचारू नका. पैसे कोण भरतं, किती वयापर्यंत, आणि बाबा कर्मचारी असेल तर त्याच्या मुलालाही मिळतं का, हे लेखी मागा. पुढच्या भागात गिरणगावातल्या खाणावळी. भेटू!