लॅपटॉपच्या कीबोर्डचा लाइट लागत नाही? दुरुस्तीसाठी शहर गाठण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो. ही बातमी जवळपास दरवर्षी येते. अशा दिवसांत लाइनचाही भरवसा नसतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक विद्युत केंद्र तब्बल २९२० मेगावॉटचं, महानिर्मितीचं सगळ्यात मोठं. आणि शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात जंगलातून गेलेल्या तारेवर एक फांदी पडली, की गावची रात्र अंधारात जाते.

तरी कामं थांबत नाहीत. कुणाचा गोंडवाना विद्यापीठाचा प्रोजेक्ट असतो, कुणी वनरक्षक भरतीचा अर्ज भरत असतं, तर कुठे ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशोब लॅपटॉपवर चढवायचा असतो. लॅपटॉपची बॅटरी चालू असते, पडदा दिसतो, पण बटणं दिसत नाहीत. अशा वेळी कीबोर्डखालचा लाइट फारच उपयोगी पडतो. तो लागला नाही की लॅपटॉप बिघडला असं वाटतं आणि दुरुस्तीच्या दुकानाचा विचार सुरू होतो. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. सिरोंचाहून तर आणखी लांब. जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो आणि एसटीचं भाडं वेगळं. म्हणून निघण्याआधी घरीच थोडी तपासणी करून घ्यावी. बऱ्याचदा लाइट बिघडलेला नसतो, फक्त बंद असतो. काही वेळा तर तो त्या लॅपटॉपमध्ये मुळातच नसतो!

आधी लाइट आहे का ते बघा

हा प्रश्न बावळट वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. कमी किमतीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा लाइट दिलेलाच नसतो. त्याहून गोंधळाची गोष्ट म्हणजे एकच मॉडेल कंपन्या लाइटसह आणि लाइटशिवाय असं दोन्ही प्रकारे विकतात. मित्राच्या तशाच लॅपटॉपला लाइट आहे, म्हणून तुमच्याही असेलच असं नाही. ऑफिसांमधून निघालेले जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आधीच बघून घ्यावं. दुकानातच खोलीतला दिवा बंद करून कीबोर्ड उजळतो का ते पाहायचं. मोबाइलवर आलेल्या फोटोवर विसंबू नये.

ओळखायची खूण सोपी आहे. सगळ्यात वरच्या ओळीतल्या एफ१ ते एफ१२ या बटणांवर, तसंच स्पेसबारवर एक छोटं चित्र शोधा. त्यात कीबोर्ड किंवा दोन-तीन चौकोन असतात आणि त्यातून किरण निघाल्यासारख्या रेषा असतात. नुसत्या सूर्याचं चित्र पडद्याच्या उजेडासाठी असतं, ते वेगळं. कीबोर्डचं चित्र कुठेच नसेल, तर बहुतेक लाइट नाहीच. खात्री करायची असेल तर लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेला सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. तुमच्या लॅपटॉपमध्ये काय काय बसवलंय ते तिथे कळतं.

जुन्या थिंकपॅडची मात्र गंमत आहे. त्यातल्या कित्येकांत बटणांखाली लाइट नसतो, पण पडद्याच्या वरच्या कडेला एक इवलासा दिवा असतो आणि तो वरून कीबोर्डवर उजेड टाकतो. एफएन आणि पेज-अप ही बटणं एकत्र दाबली की तो लागतो. असा लॅपटॉप वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही हा दिवा माहीत नसतो.

कुठलं बटण दाबायचं?

लेनोव्होमध्ये बहुतेक ठिकाणी एफएन धरून स्पेसबार दाबायचा. एचपीमध्ये एफ४ किंवा एफ५ असतं, काही मॉडेलमध्ये एफ९ किंवा एफ११. डेलच्या इन्स्पिरॉनमध्ये साधारण एफ५, लॅटिट्यूडमध्ये बऱ्याचदा एफ१०. आसुसच्या नव्या मॉडेलमध्ये एफ७, जुन्यांत एफ४ ने उजेड वाढतो आणि एफ३ ने कमी होतो. एसरमध्ये एफ८ किंवा एफ९ बघा. हे पाठ करायची गरज नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन लॅपटॉपमध्ये बटण वेगळं असू शकतं. बटणावरचं चित्र तेवढं खरं.

मॅकबुकवर जुन्या मॉडेलांत एफ५ आणि एफ६ ने उजेड कमी-जास्त होतो. २०२० नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत त्या बटणांना दुसरी कामं दिली आहेत. तिथे पडद्यावर वर उजवीकडे असलेल्या कंट्रोल सेंटरमध्ये जाऊन कीबोर्डचा उजेड वाढवावा लागतो. क्रोमबुकवर ऑल्ट धरून पडद्याच्या उजेडाची बटणं दाबायची.

बटण दाबल्यावर लाइट लागण्याऐवजी वेबपेज रिफ्रेश झालं किंवा भलतंच काही झालं, तर तेच बटण एफएन धरून दाबा. एफएन धरून होत नसेल तर नुसतं दाबून बघा. काही लॅपटॉपमध्ये एफएन आणि एस्केप एकत्र दाबल्यावर वरच्या ओळीची ही सवय कायमची बदलते. कधीतरी चुकून ते दाबलं गेलं असेल, तर कालपर्यंत चालणारं बटण आज चालत नाही.

आणि घाई करू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा दाबल्यावर मंद, दुसऱ्यांदा तेज आणि तिसऱ्यांदा बंद असा क्रम असतो. घाईत तीनदा दाबलं की लाइट लागून पुन्हा बंद होतो, आणि उजेडात बसलेल्याच्या ते लक्षातही येत नाही. तपासणी अंधारातच करायची. दुपारी खिडकीजवळ बसून लाइट लागलाय की नाही हे ठरवता येत नाही. मॅकबुकसारखे काही लॅपटॉप तर आजूबाजूला भरपूर उजेड असला की हा लाइट स्वतःहून बंद ठेवतात.

लागतो, पण लगेच विझतो

हा बिघाड नाही. बॅटरी वाचावी म्हणून बरेच लॅपटॉप काही सेकंद बटण दाबलं नाही की लाइट विझवतात आणि कुठलंही बटण किंवा टचपॅड हलवला की पुन्हा लावतात. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत चार्जर लावलेला असताना किती वेळ आणि बॅटरीवर किती वेळ, अशा दोन वेगळ्या सेटिंग असतात. त्यामुळे लाइन होती तोवर कीबोर्ड उजळलेला होता आणि लाइन गेल्याबरोबर दर थोड्या वेळाने काळा पडायला लागला, असं घडतं. गरज नेमकी तेव्हाच असते!

हा वेळ बायोसमध्ये जाऊन वाढवता येतो. लॅपटॉप सुरू होताना एचपीवर एफ१० आणि डेलवर एफ२ दाबत राहिलं की बायोसचा पडदा येतो. एचपीत ‘बिल्ट-इन डिव्हाइस ऑप्शन्स’ आणि डेलमध्ये ‘कीबोर्ड इल्युमिनेशन’ किंवा ‘कीबोर्ड बॅकलाइट टाइमआउट’ या नावाखाली सेटिंग शोधा. डेलमध्ये लाइट पूर्ण बंद ठेवण्याची निवडही तिथेच असते, तीही बघून घ्या. बाकी कशाला हात लावायचा नाही. सेव्ह करून बाहेर पडायचं.

लाइट कायम चालू ठेवावा का? बटणांखालच्या एलईडी मिळून साधारण एक-दोन वॉट घेतात. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि ८ वॉटवर चालणारा लॅपटॉप असेल, तर ती सहा तासांच्या आसपास जाते. त्यात एक वॉट वाढला तर पाऊण तास कमी होतो. लाइन कधी येईल ते माहीत नसताना पाऊण तास पुष्कळ असतो. म्हणून लाइट मंद पायरीवर ठेवावा आणि पडद्याचा उजेडही कमी करावा. पावसाळ्याच्या रात्री उजेडावर झेपावणारे किडेही त्याने जरा कमी होतात.

विंडोज नव्याने टाकल्यापासून लागत नसेल तर

लॅपटॉप फॉरमॅट केल्यानंतर कंपनीचं छोटं सॉफ्टवेअर उडून जातं आणि वरच्या ओळीतली बटणं मुकी होतात. आसुसमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. लेनोव्होसाठी लेनोव्हो व्हँटेज, आसुससाठी मायआसुस, एचपीसाठी हॉटकी सपोर्ट टाकून बघा. गावात नेटवर्क अडखळत असेल, तर तालुक्याला जाल तेव्हा सिरीयल नंबर टाकून फाइल पेनड्राइव्हवर उतरवून आणावी.

त्याआधी एक फुकटचा उपाय आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पुन्हा सुरू करा. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते आणि कितीतरी वेळा लाइट परत येतो.

इंटरनेटवर बायोस अपडेट करायचा सल्लाही हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण विजेचा भरवसा नसेल तिथे तो सगळ्यात शेवटचा. अपडेट अर्धवट असताना लॅपटॉप बंद पडला, तर तो पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. मग लाइटसाठी केलेला खटाटोप मदरबोर्डवर जातो. बॅटरी भरलेली, चार्जर लावलेला आणि आभाळ मोकळं, या तिन्ही गोष्टी असतील तरच हात घालावा.

मराठी अक्षरांच्या स्टिकरमुळे

मराठी टायपिंग शिकणारे बटणांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावतात. आता लाइटचा उजेड कुठून येतो बघा: बटणाचा प्लास्टिकचा भाग काळा असतो आणि फक्त कोरलेलं अक्षर अर्धपारदर्शक असतं. खालचा उजेड त्या अक्षरातूनच वर येतो. जाड अपारदर्शक स्टिकर लावला की अक्षर झाकलं जातं आणि बटणांच्या कडांतूनच काय तो उजेड दिसतो. लाइट चालू असूनही कीबोर्ड अंधारा! पारदर्शक पट्टीवर छापलेले स्टिकर मिळतात, ते घ्यावेत. नाहीतर इनस्क्रिप्टची मांडणी लक्षात ठेवणं बरं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि एफ व जे या बटणांवरचे उंचवटे बोटांना अंधारातही सापडतात.

खरा बिघाड कसा ओळखायचा?

लॅपटॉप सुरू करताना कीबोर्डकडे लक्ष द्या. बऱ्याच मॉडेलांत त्या क्षणी लाइट एकदा लागतो. तिथे लागला आणि विंडोज आल्यावर गेला, तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा सेटिंगचा. सुरुवातीला नाही, बायोसमध्ये असताना बटण दाबूनही नाही आणि विंडोजमध्येही नाही, तर आतली तार किंवा एलईडी गेली असावी. अर्धा कीबोर्ड उजळतो आणि अर्धा काळा, किंवा उजेड लुकलुकतो, हीसुद्धा आतल्या बिघाडाची लक्षणं. चहा-पाणी सांडलं असेल तर लॅपटॉप लगेच बंद करून थेट दुकान गाठायचं.

आधी कधी लॅपटॉप उघडून दुरुस्ती झाली असेल, तर ते दुकानदाराला आवर्जून सांगा. लाइटसाठी बऱ्याचदा एक वेगळी, अगदी पातळ पट्टीसारखी तार असते. कीबोर्डची मुख्य तार जोडली जाते आणि ही राहून जाते. बटणं व्यवस्थित चालतात, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही. तेवढी तार जोडली की काम होतं.

नवा कीबोर्ड टाकायची वेळ आली तर तो लाइटवालाच आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा. उलट, मुळात लाइट नसलेल्या लॅपटॉपमध्ये लाइटवाला कीबोर्ड बसवून देतो असं कुणी म्हणत असेल, तर मदरबोर्डवर त्या तारेची जागा आहे का ते आधी उघडून दाखवायला सांगा. कित्येक मॉडेलांत ती नसतेच, आणि मग महागडा कीबोर्डही काळाच राहतो. त्यापेक्षा यूएसबीवर चालणारा वाकवता येणारा छोटा एलईडी दिवा घ्यावा आणि तो लॅपटॉपऐवजी पॉवरबँकला लावावा.