दोन चमचे खायचा सोडा

टाकी दोन फुटी, पाणी पन्नास लिटरच्या आसपास, जागा दादरच्या घरातली पश्चिमेची खिडकी. ही टाकी कुणा एकाची नव्हे. मातीवर झाडं लावलेल्या टाक्या मऊ पाण्यात ज्या क्रमाने हातच्या जातात, तो क्रम इथे एका रविवारात बसवला आहे. आकडे मात्र रसायनशास्त्राच्या हिशेबातले आहेत.

शनिवार, रात्री ९. बावीस तास बाकी.

टाकी लावून दीड महिना झाला. तळाला नर्सरीतली लाल माती, तिच्यात शेणखत, वर बोटभर वाळूचा थर. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांचं ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अक्वेरियम’ १९९९ साली आलं आणि ही रीत जगभर पोचली: कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नको, महागडी खतं नकोत, साधी माती घ्या आणि पहिल्या दिवसापासून झाडांची दाटी करा. आपल्या मालकाने माती घेतली, दाटीचं मात्र राहून गेलं. कोपऱ्यात वॅलिसनेरियाच्या चार पट्ट्या आणि थोडी हायड्रिला. क्रिप्टोकोरिनचेही दोन गड्डे लावले होते, पण जागा बदलली की या झाडाची पानं विरघळतात, तशी ती विरघळली आणि कुजून मातीच्या अमोनियात भर घालून गेली.

शेणखत पाण्याखाली गेलं की अमोनिया सोडणारच. प्रश्न असतो तो पाण्याचा. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. काळ्या कातळावरून धरणात उतरताना तो चुना फारसा उचलत नाही. पिण्याला, डाळ शिजायला उत्तम. पण आम्ल पचवणारी कार्बोनेटची शिल्लक, जिला हौशी लोक केएच म्हणतात, ती अशा पाण्यात तुटपुंजी. या टाकीत सुरुवातीला दोन अंश होती, म्हणजे लिटरमागे सुमारे ३६ मिलिग्रॅम चुनखडीइतकी. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करताना जिवाणू त्यातली ७ मिलिग्रॅमहून थोडी जास्त खर्च करतात. पाचेक मिलिग्रॅम नायट्रोजन निस्तरला की खातं रिकामं.

ते केव्हाच रिकामं झालंय. पीएच ५.८ वर आलाय, जिवाणू मंदावलेत आणि अमोनिया साचत लिटरमागे ८ मिलिग्रॅमवर गेलाय. तरी मासे जिवंत आहेत, कारण आम्ल पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात बांधलेला असतो. विषारी, मोकळा अमोनिया दहा हजारांत चार भाग, म्हणजे लिटरला ०.००३ मिलिग्रॅम. ज्याला मालक टाकीचा रोग समजणार आहे, त्या आम्लानेच मासे वाचवून धरलेत.

रविवार, पहाटे ५. चौदा तास बाकी.

रात्रभर अंधारात माती, झाडं, मासे सगळेच ऑक्सिजन खातात. गप्पी मासे पर मिटून पृष्ठभागाखाली लटकलेत. टाकीवर पुरता उजेड आला की सावरतील.

सकाळी ९. दहा तास बाकी.

“बाबा, मासे वर का आलेत?” या प्रश्नाने किट बाहेर निघतं. पीएचच्या नळीत पिवळा रंग. या किटची खालची पायरी ६. त्याखाली पाणी कितीही उतरलं तरी रंग तोच. मित्राला फोन. “अरे, पाणी ॲसिडिक झालंय. चमचाभर खायचा सोडा टाक, मीही टाकतो.” मित्र खोटं बोलत नाही. त्याच्या टाकीत माती नाही, अमोनिया नाही, तिथे सोडा चालून जातो.

किटमध्ये अमोनियाच्याही दोन बाटल्या आहेत. त्या चाचणीला पाचेक मिनिटं लागतात. अख्ख्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची पाच मिनिटं हीच, आणि ती चहात जातात.

सकाळी १०. नऊ तास बाकी.

टाकीचा दिवा लागतो. पाच ग्रॅम सोडा मगभर पाण्यात विरघळवून ओतला जातो. केएच शून्याजवळून सव्वातीनवर. अर्ध्या तासाने पीएच ६.६. एवढाच? सोडा कमी पडला असं मालकाला वाटतं. वास्तविक रात्रभर साठलेला कार्बन डायऑक्साइड पीएचला खाली धरून बसलाय. तो उडेल तसा सोड्याचा खरा जोर कळेल, आणि त्याला काही तास लागतात. मोकळा अमोनिया इतक्यातच ०.०२ वर, म्हणजे काल रात्रीच्या सहा-सातपट.

दुपारी १२. सात तास बाकी.

दुसरा चमचा.

दुपारी दीड. साडेपाच तास बाकी.

जेवायला तिसऱ्या. शिंपल्यांचा ढीग ताटातून थेट कचऱ्याच्या डब्यात जातो. त्यातले मूठभर शिंपले उकळून, घासून, टाकी लावतानाच मातीत किंवा फिल्टरमध्ये ठेवले असते तर हा रविवार उगवला नसता. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल व्हायला लागलं की विरघळतो, आम्ल सरलं की थांबतो. मापायची, ढवळायची भानगड नाही. मऊ पाण्यात झाडांना कॅल्शियमही लागतंच. पण हा दीड महिन्यापूर्वीचा उपाय. आज शिंपले टाकून काही होणार नाही.

दुपारी ३. चार तास बाकी.

ऊन खिडकीत शिरतं. हायड्रिलाच्या देठांतून बुडबुड्यांच्या सरी सुटतात. दीड महिन्यात टाकी इतकी तजेलदार दिसली नव्हती. झाडं कार्बन डायऑक्साइड भराभर ओढताहेत, पीएच ७.६. मालक पुन्हा नळी भरतो. छान निळा रंग. निळा ही किटची वरची पायरी, याच्यावर गेलं तरी निळाच. मालकाचं समाधान होतं. मोकळा अमोनिया ०.२.

या घडीलाही टाकी वाचते. निम्मं पाणी काढून, हायपोने क्लोरीन मारलेलं नळाचं पाणी भरलं तर अमोनिया निम्मा होतो, सोडाही निम्मा.

दुपारी साडेचार. अडीच तास बाकी.

पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत आला म्हणून झाडं थांबत नाहीत. वॅलिसनेरिया आणि हायड्रिला बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात, आणि बायकार्बोनेट तर सकाळीच दोन चमचे मिळालंय. पीएच ८. मोकळा अमोनिया अर्धा मिलिग्रॅम. निऑन टेट्रा माशांच्या निळ्या रेघा फिक्या पडल्यात. एक जण काचेला अंग घासतो, सुसाट सुटतो, वाळूवर आपटून पुन्हा वर येतो. कल्ले लालभडक. पाण्यात ऑक्सिजन भरपूर आहे, पण भाजलेल्या कल्ल्यांना तो घेता येत नाही.

सायंकाळी ५. दोन तास बाकी.

मासे वर येऊन आ वासताहेत म्हणजे हवा कमी, असा अर्थ लावून मालक एअर पंप जोडतो. दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे बरोबर ठरलं असतं. आज बुडबुडे उरलासुरला कार्बन डायऑक्साइडही बाहेर काढतात. पीएच ८.२, मोकळा अमोनिया पाऊण मिलिग्रॅमच्या वर. दिवसभरात मदत म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेने ढकलत गेली.

सायंकाळी ७.

टेट्रा आधी जातात, गप्पी टणक म्हणून रात्रीपर्यंत तगतात. शंखगोगलगायी काच चढून पाण्याबाहेर. झाडांना काही झालेलं नाही.

सोमवार, सकाळी १०.

मालक रात्री पंप बंद करून झोपला. अंधारात माती पुन्हा श्वास घेत राहिली, कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठला. सकाळी बाटलीत भरून नेलेलं पाणी दुकानदार पट्टीवर तपासतो. पीएच सात.

“पाणी एकदम बरोबर आहे साहेब. मासेच कमजोर असणार. नवा माल कालच आलाय, देऊ का डझनभर?”

अमोनियाची पट्टीही त्याच्या गल्ल्याशेजारीच पडलेली असते, पण ती मागितल्याशिवाय कुणी काढत नाही. मालक डझन नको म्हणतो, सहाच घेतो.