सावंतवाडीची गंजिफा : राजाश्रय आणि चितारी

हस्तकलेच्या इतिहासात आश्रयदात्याची नोंद होते, कारागिराची क्वचितच. सावंतवाडीची गंजिफा हे याचे बोलके उदाहरण होय. गोल पत्त्यांच्या दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, एकूण १२० पाने. थरांना चिंचोक्याची खळ, त्यावर हातचे चित्रण व अखेरीस लाखेचा लेप, असे हे चिकाटीचे काम. स्वस्त छापील पत्त्यांपुढे ते टिकले नाही. चितारी कुटुंबे लाकडी खेळण्यांकडे वळली.

बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून सावंतवाडीत सून म्हणून आलेल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पती शिवरामराजे यांच्यासह ही कला सावरण्याचे मनावर घेतले, तेव्हा तिची कृती जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. राणीसाहेब त्यांच्याकडे शिकल्या. संस्थानी श्रेणीव्यवस्थेला उलटे करणारे हे गुरु-शिष्यत्व दुर्लक्षिण्याजोगे नाही. श्रेय बहुधा राजवाड्याला दिले जाते. वस्तुतः वाचली ती चिताऱ्याच्या हातातील विद्या. पुढे राजवाड्यातच कार्यशाळा चालू झाली. सत्त्वशीलादेवींचे २०१८ मध्ये निधन झाले. पत्ते आजही रंगविले जातात, परंतु ते प्रामुख्याने संग्रहासाठी व भेटीदाखल घेतले जातात. डाव मांडणारे थोडेच.