पडत्या वस्तूंचे दोलन व परिभ्रमण
हवेतून किंवा पाण्यातून पडणारी चपटी वस्तू क्वचितच सरळ खाली येते. ती थोडी कलली की दाबाचे केंद्र मध्यापासून पुढच्या कडेकडे सरकते आणि पीळ निर्माण होऊन वस्तू पुन्हा आडवी होऊ पाहते; जडत्वामुळे मात्र ती समतोलापलीकडे जाते. कडांवरून आलटूनपालटून सुटणारे भोवरे या झोक्यांना बळ देतात.

रेनल्ड्झ अंक (जडत्व व श्यानता यांच्या प्रभावांचे गुणोत्तर) सुमारे १०० पेक्षा कमी असल्यास चकती स्थिरपणे खाली येते. त्यापुढे पातळ, हलकी चकती झोके घेते, तर सभोवतालच्या द्रायूच्या (हवा किंवा पाणी) तुलनेत जडत्व जास्त असलेली कोलांट्या खाते. दोहोंच्या सीमेवर गती अव्यवस्थित होते व नाणे पाण्यात कुठे पडेल हे सांगणे जवळजवळ अशक्य ठरते.

कोलांट्या खाणारा कागद तिरका का सरकतो, याचा विचार जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला. परिभ्रमणामुळे उत्थापक बल मिळते. सरकण्याची बाजू फिरण्याच्या दिशेवर ठरते.

वनस्पतींनी पडताना फिरण्याचा उपयोग केलेला दिसतो. मॅपलचे एकपंखी व माधवीलतेचे त्रिपंखी फळ गरगरत सावकाश उतरते, त्यामुळे वाऱ्याला ते दूर नेण्यास वेळ मिळतो. मॅपलच्या पंखाच्या पुढच्या कडेवर टिकून राहणारा भोवरा त्याचे उत्थापक बल वाढवतो.